गळती आधी शोधा, मगच बुजवा

जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये ओल दिसली की बहुतेक जण तडक दुकानात जाऊन सीलंटची नळी घेऊन येतात. ती नळी उघडण्याआधी पाणी कुठून आत येतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहिते आहे. जिथे ओल दिसते तिथूनच पाणी शिरलं, असं जुन्या गाडीत सहसा नसतं. पत्र्याच्या घडीतून, प्लायवूडच्या पाठीमागून, वायरीच्या आधाराने ते लांबवर वाहत जातं आणि मिळेल त्या सखल कोपऱ्यात साचतं. भलतीच फट बुजवली तर पाणी यायचं थांबत नाही. कधी कधी त्याची बाहेर पडायची वाट मात्र बंद होते, आणि मग लाकूड, पत्रा, वायरी आतल्या आत खराब होत राहतात.

आम्ही उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. आमची व्हॅन नव्वदच्या दशकातली. मूळची मालवाहतुकीची गाडी. तिचं पत्र्याचं छप्पर कापून त्यावर फायबरग्लासचा उंच टप चढवलेला. आत दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रिज, सिंक, पाण्याची टाकी आणि रात्री ज्याचा पलंग होतो असं बाक. विकणाऱ्याने छपराच्या प्रत्येक सांध्यावरून पांढरं सिलिकॉन फिरवलं होतं आणि आता थेंबही आत येणार नाही, अशी खात्री दिली होती. पहिल्याच हिवाळ्यात मागच्या डाव्या कपाटाला कुबट वास येऊ लागला. कपाटाचा तळ फुगला, खालून काळी बुरशी धरली. एका वर्कशॉपने बघून निदान केलं, की पलंगावरच्या रूफलाइटमधून, म्हणजे छपरातल्या खिडकीतून गळतंय. त्यांनी ती काढून पुन्हा बसवली आणि चांगलं घसघशीत बिल दिलं. पुढच्या पावसात कपाट पुन्हा ओलं.

इथे पावसाच्या जोरापेक्षा न वाळणं जास्त घातक असतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मँचेस्टरला त्याच्या निम्माही नाही. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि पुढे ऊन सगळं सुकवतं. इथे तो बारा महिने थोडा थोडा पडत राहतो, आणि हिवाळ्यात गाडीत शिरलेलं पाणी आपणहून वाळत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पोषक स्थिती मिळते. त्यामुळे रोज चमचाभर पाणी झिरपलं तरी काही हिवाळ्यांत फळी बोटाने दाबली जाते.

आधी पाणी ओळखा

कॅम्पर व्हॅनमध्ये पाणी चार वाटांनी येतं: पावसाचं, टाकीचं, आपल्या श्वासाचं आणि इंजिनाच्या कूलंटचं. या चौघांवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. म्हणून आपल्या गाडीत नेमकं कोणतं पाणी आहे, हे ठरवल्याशिवाय हत्याराला हात लावू नये.

श्वासाच्या पाण्याला लोक फार कमी लेखतात. थंडीत दोन माणसं बंद गाडीत झोपली तर सकाळपर्यंत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळतं. त्यात शेगडीची भर. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. ही वाफ गार पत्र्यावर, काचांवर आणि गादीच्या खालच्या बाजूला थंड होऊन ठिबकते. ओळखायची खूण अशी, की ती एका जागी न येता सगळीकडे येते, आणि पाऊस नसतानाही येते. गाडी कोणी न झोपता, बंद ठेवून भर पावसात उभी करा. तरीही ओल आली तर ती श्वासाची नाही. दुसरी परीक्षा भिंतीवर करता येते. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. एक-दोन दिवसांनी त्याच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीमागून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली वाफ आहे, आणि तिला सीलंट नको, हवा खेळती ठेवायला हवी.

टाकीच्या पाण्याचा छडा आमच्याकडे सासूबाईंनी लावला. त्या चिपळूणहून आल्या होत्या आणि उन्हाळ्यात आम्ही त्यांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टमध्ये गेलो होतो. रात्री त्यांनी मला उठवलं. म्हणाल्या, “अगं, नळ तर बंद आहे, मग ही मोटर मधूनच कशी घुरघुरते? आमच्याकडे असं झालं की पाइप कुठेतरी फुटलेला असतो.” त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बहुतेक व्हॅनमध्ये पंपाला दाबावर चालणारा स्विच असतो. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो; नळ बंद केला की दाब भरून तो थांबतो. सगळे नळ बंद असताना पंप क्षणभर सुरू होऊन थांबत असेल, तर कुठेतरी दाब सुटतो आहे. कधी कधी पंपातल्या झडपेतूनच पाणी टाकीकडे परत जातं, तेही तपासावं. पण आधी सगळे सांधे चाचपावेत.

आमच्या त्याच मागच्या कपाटाच्या पाठीमागे वॉटर हीटर होता. त्याच्या गरम पाण्याच्या नळीचा रबर कडक होऊन क्लिपखाली चिरला होता. थेंब इतका बारीक, की टॉर्चच्या उजेडातही दिसेना. सांध्याभोवती कोरडा किचन टिश्यू गुंडाळून ठेवला तेव्हा तो ओला झाला आणि जागा सापडली. नवी नळी आणि स्टेनलेस स्टीलची क्लिप, एवढ्यात ते काम झालं. शंका असेल तर टाकीत खाण्याचा रंग थोडासा घाला. तळाशी साचलेलं पाणी रंगीत निघालं तर पाऊस निर्दोष आहे. टाकी काठोकाठ भरल्यावरच गळत असेल तर भरायच्या तोंडाची जाड नळी किंवा वरची हवेची नळी बघा. आणि हीटरला थंडीची सुरक्षा झडप असेल, तर पारा ३ अंशांच्या आसपास उतरला की ती आपोआप उघडून हीटरमधलं पाणी गाडीखाली सोडते. ती गळती नव्हे. हीटर गोठून फुटू नये म्हणून केलेली सोय आहे.

कूलंटची ओल पुढच्या सीटच्या पायाशी येते. गाडीच्या आतल्या ब्लोअरमागे छोटा रेडिएटर असतो, तो गळू लागला की गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो आणि कूलंटच्या डब्यातली पातळी उतरते. हे पाणी बोटाने चाखून बघू नका, त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं. असली गाडी सरळ मेकॅनिककडे न्या.

पावसाची वाट कशी शोधायची

नळी बदलल्यावर आमचं कपाट सुकलं, आणि पाऊस आला तेव्हा पुन्हा ओलं झालं. म्हणजे एकाच कपाटात दोन गळत्या होत्या. हे जुन्या गाडीत नेहमीचं आहे. एक सापडली की दुसरी नाहीच, असं समजू नका.

पावसाची वाट शोधायची तर आतलं अस्तर उतरवायला हवं. आम्ही मागच्या बाजूचं प्लायवूड आणि त्यामागचं इन्सुलेशन काढलं. ते काचलोकरीचं होतं आणि पाणी धरून बसलं होतं. पिळलं तर धार लागली. ते फेकून दिलं. मग होजची चाचणी. तिच्याआधी २३० व्होल्टची बाहेरची वीज तोडा, आतला १२ व्होल्टचा मुख्य स्विचही बंद करा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर होज घेऊन. पाण्याला जोर नको. पावसासारखं हलकं पडू द्या. प्रेशर वॉशर तर मुळीच नको, त्याच्या माऱ्याने चांगले सांधेही पाणी घेतात आणि भलताच सांधा दोषी ठरतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम: खालून वर जा. आधी मागचे दिवे, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग पन्हळ, मग छप्पर. प्रत्येक सांध्यावर काही मिनिटं पाणी सोडून थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळेच सांधे एकदम भिजतात आणि काहीच कळत नाही. आतल्या पत्र्यावर खडूच्या किंवा टाल्कम पावडरच्या आडव्या रेघा ओढून ठेवा. पाणी जिथून उतरलं तिथे रेघ पुसली जाते आणि ओघळाचा माग वरपर्यंत काढता येतो.

रूफलाइटवर आम्ही बराच वेळ पाणी सोडलं. आत एक थेंब नाही. वर्कशॉपचं निदान तिथेच निकालात निघालं. मग पाणी ऑनिंगच्या पट्टीवर सोडलं. ऑनिंग म्हणजे गाडीच्या कडेला ओढून लावायचं कापडी छत. ते अडकवायची ॲल्युमिनियमची पट्टी टपाच्या बाजूला स्क्रूने बसवलेली असते. थोड्याच वेळात टपाच्या आतल्या बाजूला, गाडीच्या साधारण मध्यावर, एका स्क्रूच्या टोकाशी थेंब जमला, फायबरग्लासवरून घरंगळत खालच्या पत्र्याच्या पन्हळीत गेला आणि तिथून मागे निघाला. आमच्या दारापुढची जागा चढाची आहे आणि गाडीचं तोंड नेहमी वरच्या बाजूला असतं. म्हणून पाणी मध्यावर शिरून मागच्या कोपऱ्यातल्या कपाटात उतरत होतं. सपाट कॅम्पसाइटवर ते कधी कधी बाकाच्या मागे का दिसायचं, त्याचंही उत्तर मिळालं. तुमच्याकडे गळती कधी येत असेल आणि कधी नसेल, तर दर वेळी गाडी कोणत्या उतारावर उभी होती ते लिहून ठेवा. आणि फक्त वेगात चालवताना पाणी येत असेल, तर पुढच्या काचेचं रबर आणि दारांची रबरं आधी बघा.

गळतीचं कारण तेच पांढरं सिलिकॉन निघालं. ते पट्टीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कडांवर फासलेलं होतं. वरचं काही ठिकाणी सुटलं, पाणी पट्टीमागे शिरलं, खालच्या सिलिकॉनने ते अडवलं आणि साचलेलं पाणी स्क्रूच्या आट्यांतून आत गेलं. म्हणून हे लक्षात ठेवा: बाहेरच्या पट्टीची वरची कड आणि दोन्ही टोकं बुजवा, खालची कड मोकळी सोडा. चुकून शिरलेल्या पाण्याला उतरायला वाट हवी.

पट्टी निर्दोष असेल तर ही ठिकाणं क्रमाने तपासा: ॲन्टेनाचा पाया, सोलर पॅनेलच्या वायरीचं भोक, मागचा वरचा ब्रेकलाइट, मागच्या दिव्यांची गास्केटं, फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या, वीज जोडायचं बाहेरचं सॉकेट, पाणी भरायचं तोंड, पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि दारांच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर. शिवाय दारांच्या तळाची आणि वायपरखालच्या खोबणीची निचऱ्याची भोकं पानांनी तुंबलेली असतात. ती तारेने मोकळी केली की पुष्कळदा बाकी काहीच करावं लागत नाही.

बुजवायचं कसं

जुन्या सांध्यावरून नवं सीलंट फिरवणं ही दुरुस्ती नाही. वस्तू पूर्ण उतरवा, जुनं सगळं काढा, मग बसवा. आमच्या पट्टीचे साधे लोखंडी स्क्रू गंजले होते, काहींची डोकी पान्याने फिरवताच तुटली. ते ड्रिल करून काढावे लागले. सिलिकॉन काढण्याला सर्वांत जास्त वेळ गेला. प्लास्टिकची खरवडणी, सिलिकॉन रिमूव्हर आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, या क्रमाने जा. सिलिकॉनचा पुसट थर जरी उरला तरी त्यावर दुसरं काही चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. साध्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला त्याने गंज चढतो. बाथरूमसाठी बनवलेली ही वस्तू गाडीच्या पत्र्यावर वापरू नका.

रुंदावलेली भोकं इपॉक्सीने भरून नव्याने पाडली. पट्टीच्या मागे ब्यूटाइलची टेप लावली. ब्यूटाइल कधी कडक होत नाही, गाडीच्या हादऱ्यांबरोबर हलतं आणि पुढे कधी काढायचं झालं तर निघतं. प्रत्येक स्टेनलेस स्क्रूच्या आट्यांवर सीलंटचा ठिपका दिला. स्क्रू एकदम आवळले नाहीत. थोडे थोडे, सगळीकडून सारखे. काही दिवसांनी ब्यूटाइल बसलं की पुन्हा अर्धा वेढा आवळला आणि बाहेर आलेलं कापून टाकलं.

कायमच्या सांध्यांसाठी, म्हणजे पत्र्याला पत्रा किंवा टपाला पत्रा जोडायचा असेल तर, सिकाफ्लेक्ससारखं पॉलियुरेथेन सीलंट चांगलं. ते हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं आणि त्याला वेळ लागतो. पारा ५ अंशांखाली असताना ते लावू नये. पण ते इतकं घट्ट धरतं, की जी वस्तू पुन्हा काढावी लागेल तिथे ते नको. ॲक्रिलिकच्या खिडक्यांना तर ते लावूच नका, आणि त्या खिडक्या अल्कोहोलने पुसूही नका. दोन्हींमुळे ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. केसाएवढ्या चिरेसाठी कॅप्टन टॉलीजसारखं पातळ द्रव मिळतं, ते चिरेत आपणहून ओढलं जातं. जिथे फट दिसत नाही पण पाणी येतं, तिथेच त्याचा उपयोग.

पत्र्यावर गंज असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. रंग फुगलेला दिसतो त्याच्या दुप्पट जागा खरवडावी लागते, हे धरून चला. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत तारेचा ब्रश, उरलेल्या खड्ड्यांना रस्ट कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि रंग वाळल्यावरच सीलंट. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास होते. कपाटामागची ओल अशी थेट सुरक्षेशी येऊन भिडते.

सगळं बुजवून झालं तरी अस्तर लगेच परत लावू नका. दारं-खिडक्या बंद करून आत डिह्युमिडिफायर चालवा. थंडीत कॉम्प्रेसरवर चालणारा फार काम करत नाही. शोषक चाकावर चालणारा, डेसिकंट प्रकारचा घ्या. सुयांचा ओलावामापक लाकडाला लावून बघा. १५ टक्क्यांच्या आत आलं की ठीक. २० च्या वर असेल तर थांबा. मग पुन्हा एकदा होजची चाचणी, आणि तीत उत्तीर्ण झाल्यावरच प्लायवूड. इन्सुलेशन परत भरताना पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम वापरा.

जे कधीही बुजवू नये

गळतीला वैतागलेला माणूस दिसेल ते भोक बंद करतो. कृपा करून असं करू नका. शेगडी, हीटर आणि सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला जी भोकं असतात ती गॅस खाली उतरून जाण्यासाठी असतात. प्रोपेन आणि ब्यूटेन हवेपेक्षा जड असतात. सुटलेला गॅस जमिनीलगत साचतो. छपरातले आणि जमिनीतले कायम उघडे झरोके कार्बन मोनॉक्साइडपासून जीव वाचवतात. त्यातून पाणी येत असेल तर बाहेरून पावसाची झडप किंवा आच्छादन लावा, पण वाट बंद करू नका. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता आपल्याकडेही टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यावर चाकांवरचं घर बांधणारे उत्साही लोक दिसतात. त्यांना सांगते: छपराला पाडलेलं प्रत्येक भोक पुढे गळू शकतं. कमीत कमी पाडा, कापलेल्या कडेला प्रायमर लावा, आणि सगळ्या भोकांची नोंद फोटोसह जपून ठेवा. होजची चाचणी मे महिन्यात करा, कारण जूनमध्ये कोकणच्या घाटात उभं राहून ती करता येत नाही.

आणि जे जुनी व्हॅन विकत घेणार आहेत त्यांना शेवटचं सांगणं. सुशोभित आतल्या भागाकडे बघून भुलू नका. कपाटांचे तळ बोटाने दाबा, गाद्या उचला, कोपऱ्यांत नाक घालून वास घ्या. छपरावर सगळीकडे ताजं पांढरं सिलिकॉन दिसलं, तर आत पाणी येत होतं असं समजा. गाडी पावसाच्या दिवशी बघायला जा; पाऊस नसेल तर होज मागा. विकणारा गाडीवर पाणी सोडू द्यायला तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नका.